आजीचं गोंदण आणि ओनसेनची पाटी

जपानला निघालेल्या प्रत्येकाला हा व्हिडिओ कोणीतरी पाठवतंच : ओनसेनमध्ये, म्हणजे तिथल्या गरम झऱ्यांवरच्या स्नानगृहात, कसं वागायचं. कपडे सगळे काढायचे. बुटक्या स्टुलावर बसून साबणाने अंग धुवायचं, फेस पूर्ण काढायचा, मगच हौदात उतरायचं. छोटा पंचा पाण्यात बुडवायचा नाही, घडी करून डोक्यावर ठेवायचा. केस बांधायचे. पोहायचं नाही. आणि अंगावर टॅटू असेल तर बऱ्याच ठिकाणी आत घेत नाहीत.

आमच्या टीममधले दोघं क्लायंटच्या कामाला ओसाकाला निघाले तेव्हा ही यादी ग्रुपवर आली. सगळे कपड्यांच्या मुद्द्यावर हसत होते. मला मात्र मुखेडची आजी आठवली. तिच्या दोन्ही हातांवर गोंदण आहे, कपाळावर हिरवा ठिपका. म्हणजे आमच्या आजीला आत घेणार नाहीत?

टॅटूवरच्या या रागाचा इतिहास फार जुना नाही. एदो काळात गुन्हेगारांना शिक्षा म्हणून गोंदायचे, पण कारागीर आणि हमाल हौसेनंही अंगभर गोंदवून घ्यायचे. 1872 मध्ये मेइजी सरकारने गोंदण्यावर बंदी घातली. पाश्चात्त्यांनी आपल्याला रानटी समजू नये ही त्यामागची मोठी काळजी. बंदी उठली 1948 मध्ये, पण तोवर टॅटू म्हणजे याकुझा टोळीवाला हे समीकरण डोक्यात बसायला लागलं होतं. 2013 मध्ये होक्काइदोत एका माओरी बाईंना हनुवटीवरच्या पारंपरिक गोंदणामुळे स्नानगृहात प्रवेश नाकारला गेला. त्या आदिवासी भाषांवरच्या परिषदेसाठी आल्या होत्या. होक्काइदो ही ऐनू लोकांची भूमी, आणि ऐनू बायकाही ओठांभोवती गोंदवून घ्यायच्या. तेही मेइजी सरकारनेच बंद पाडलं होतं.

स्त्रीपुरुषांचे वेगळे हौदही असेच. 1854 मध्ये कमोडोर पेरीची माणसं शिमोदात उतरली तेव्हा सार्वजनिक स्नानगृहात बायका-पुरुष एकत्र अंघोळ करताना बघून त्यांना धक्का बसला. एदोत अशा अंघोळीवर आधीही बंद्या आल्या होत्या, पण लोक ऐकत नव्हते. नंतर मेइजी सरकारने जोर लावला. आज पर्यटकाला 'प्राचीन परंपरा' म्हणून सांगतात त्यातला बराच भाग पाहुण्यांच्या नजरेला घाबरून बसवलेला आहे.

आधी अंग धुण्याचा नियम मात्र मला मनापासून पटतो. एका हौदात पन्नास माणसं बसणार, तर मळ बाहेरच ठेवा. कोड लिहिताना आम्ही हेच करतो : इनपुट आधी तपासून, साफ करून मगच आत. आणि आपल्याला हे नवीन नाही. तीर्थात बुडी मारण्याआधी मलापकर्षण स्नान करावं, असं आपल्याकडेही सांगितलेलं आहे. नाव भारदस्त, अर्थ साधा : मळ आधी काढून या. कुंडाशेजारी पडलेले साबणाचे कागद बघितले की हे किती जणांना माहीत आहे ते कळतं.

आमच्या नांदेड जिल्ह्यातही गरम झरे आहेत. मुखेड एका टोकाला, तर किनवट तालुक्यातलं उनकेश्वर पैनगंगेच्या अंगाला पार दुसऱ्या टोकाला. शरभंग ऋषींसाठी रामाने बाण मारून पाणी काढलं, अशी कथा. जळगावकर हीच कथा त्यांच्या उनपदेवची म्हणून सांगतात, आणि दोघंही हटत नाहीत. नावातला 'ऊन' म्हणजे गरम. आजी अजून 'ऊन पाणी काढलंय, न्हाऊन घे' म्हणते. लोक इथे त्वचारोग बरा व्हावा म्हणून येतात.

पण आपल्याकडे पाण्याकाठी पहिला प्रश्न 'अंग धुतलंस का' हा नव्हता. 'तू कोण' हा होता. 4 ऑगस्ट 1923 रोजी मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला : सरकारी खर्चाच्या विहिरी, तळी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या. तो कागदावर राहिला म्हणून 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांना महाडच्या चवदार तळ्यावर जावं लागलं, आणि कोर्टातला निकाल लागायला 1937 उजाडलं. आमचा मराठवाडा तर निजामाच्या राज्यात. मुंबईचा ठराव इथे लागूच नव्हता. 17 सप्टेंबर 1948 ला हैदराबाद संस्थान संपलं, आणि 1950 मध्ये संविधान आलं. त्याच्या कलम 15 मध्ये विहिरी आणि तलावांच्या जोडीला स्नानघाटांचाही स्पष्ट उल्लेख आहे. मूलभूत हक्कांमध्ये अंघोळीची जागा नाव घेऊन लिहावी लागली, यावरून तिथे काय चालायचं ते समजतं.

जपानकडे असं कलम नव्हतं, आणि ते ओतारूत जाणवलं. या बंदरात रशियन खलाशी यायचे. काही जण अंग न धुता, दारू पिऊन हौदात उतरायचे. युनोहाना नावाच्या स्नानगृहाने थेट 'फक्त जपानी' अशी पाटी लावली. 1999 मध्ये काही परदेशी रहिवासी कुटुंबासह गेले, त्यांना अडवलं. त्यांच्यातला जन्माने अमेरिकन असलेला एक जण पुढे जपानी नागरिक झाला आणि पुन्हा गेला. तरीही नकार, कारण चेहरा जपानी नाही. 11 नोव्हेंबर 2002 रोजी साप्पोरो जिल्हा न्यायालयाने हा वांशिक भेदभाव ठरवला आणि तिघांना प्रत्येकी 10 लाख येन द्यायला सांगितले. ओतारू शहराला मात्र जबाबदार धरलं नाही.

स्नानगृहाच्या मालकाची तक्रार खोटी नव्हती. फेसाळ अंगाने कोणी हौदात उतरलं तर मीही चिडेन. पण त्यावर उपाय त्या माणसाला बाहेर काढण्याचा होता, त्याच्यासारख्या दिसणाऱ्या सगळ्यांना नाही.

आता काही ओनसेनमध्ये टॅटू झाकायला चिकटपट्टी देतात, काही ठिकाणी खासगी हौद तासावर भाड्याने मिळतो. आजीला हे सगळं फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "गोंदलेलं तर मेल्यावर संगं येतं, ते कशाला झाकायचं?" आणि मग विचारलं, तिथलं पाणी उनकेश्वरापेक्षा जास्त ऊन असतं का.