परिचारिका ते केस मॅनेजर: अमेरिकेतील एक स्थित्यंतर

अमेरिकेतील परिचारिका रुग्णशय्येकडून केस मॅनेजमेंटकडे वळल्या, त्याचे मूळ गृहभेटींच्या परिचर्येत आढळते. लिलियन वॉल्ड यांनी १८९३ मध्ये न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीत हे कार्य आरंभिले. १९०९ पासून मेट्रोपॉलिटन लाइफ या विमा कंपनीने विमेदारांसाठी अशा सेवेचा खर्च उचलला. खर्चाच्या मानाने लाभ उरला नाही, तेव्हा १९५३ मध्ये ती थांबविली.

१९८३ मध्ये मेडिकेअर या शासकीय योजनेने रुग्णालयांना निदानगटानुसार पूर्वनिश्चित रक्कम देण्यास प्रारंभ केला. रुग्णाला लवकर घरी पाठविणे रुग्णालयाच्या हिताचे ठरले आणि पुढील उपचारांची सांगड घालणारी अनुभवी परिचारिका आवश्यक झाली. १९९० मध्ये या व्यवसायाची राष्ट्रीय संघटनाही स्थापन झाली.

वेतन खर्च वाचवू पाहणाऱ्या संस्थेचे, निष्ठा मात्र रुग्णाशी, हा पेच १९०९ इतकाच जुना आहे. म्हणून या पदाचे मूल्यमापन वाचलेल्या खर्चावरून नव्हे, तर घरी परतलेल्या रुग्णाच्या प्रकृतीवरून व्हावयास हवे.