पाणी उपसताना रक्ताची भीती : शंट शस्त्रक्रियेचा इतिहास (थ्रेड)

१/ मेंदूच्या पोकळ्यांत एक नितळ द्रव सतत पाझरत असतो; प्रौढ माणसात दिवसाला सुमारे अर्धा लिटर. तेवढाच तो शोषलाही जातो. हा तोल ढळला की द्रव साचून मेंदू दाबला जातो आणि तान्ह्या मुलाचे डोके वाढू लागते. हाच जलशीर्ष. त्यावरील इलाजाच्या इतिहासात खरा प्रश्न पाणी काढण्याचा नव्हता; ते किती संथपणे काढावे, हा होता.

२/ पूर्वी सुईने वा उघड्या नळीने द्रव काढून टाकीत. दाब एकदम ओसरे, जंतुसंसर्ग होई आणि पाणी पुन्हा भरे. १९४९ मध्ये अमेरिकेत फ्रँक नल्सन आणि यूजीन स्पिट्झ यांनी नळीत झडप बसवली. आता प्रवाह एकाच दिशेने आणि ठरावीक दाबानंतरच सुरू होणार होता.

३/ पुढे जॉन हॉल्टर आला. तो कुलपे बनवणाऱ्या कंपनीतला तंत्रज्ञ होता आणि त्याचा मुलगा केसी याच आजाराने ग्रस्त होता. १९५६ मध्ये त्याने सिलिकॉनची झडप तयार केली. तिच्या बारीक चिरा दाब वाढताच उघडत.

४/ या चिरांचे वैर रक्ताशी होते. डिसेंबर १९६० मध्ये न्यूयॉर्कमध्ये एका टॅक्सीने बाबागाडीला धडक दिली. आतला चार महिन्यांचा थिओ हा लेखक रोआल्ड डाल यांचा मुलगा. अशा दुखापतीत रक्त आणि गाळ द्रवात मिसळतो. थिओची झडप वारंवार तुंबत राहिली.

५/ डाल यांनी जलयंत्रांचे अभियंते स्टॅन्ली वेड आणि मेंदूचे शल्यविशारद केनेथ टिल यांना एकत्र आणले. १९६२ मध्ये त्यांची झडप वापरात आली. तोवर थिओला तिची गरज उरली नव्हती. इतर हजारो मुलांना मात्र ती मिळाली. तिघांनीही नफा नाकारला.

६/ दुसरा रक्तस्राव अधिक कपटी. नळीचे दुसरे टोक पोटात सोडले की माणूस उभा राहताच पाणी जोराने खाली ओढले जाते. मेंदू आक्रसतो, कवटीपासून दूर सरतो, दोघांना जोडणाऱ्या नाजूक शिरा ताणून तुटतात आणि मेंदूच्या आवरणाखाली रक्त साचते. शस्त्रक्रिया यशस्वी होऊनही!

७/ वृद्धांत हा धोका अधिक, कारण मेंदू वयोमानाने आधीच थोडा आक्रसलेला असतो. कोलंबियाच्या सॉलोमन हकीम यांनी १९६५ मध्ये दाब न वाढताही होणाऱ्या जलशीर्षाचे वर्णन प्रसिद्ध केले आणि शंट वृद्धांपर्यंत पोहोचला. पुढे ही अतिओढ रोखणारी साधने आली. त्यानंतर त्वचेबाहेरून चुंबकाने दाब बदलता येणारी झडपही आली.

८/ आतले हे रक्त दिसायचे कसे? १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये पहिल्या रुग्णाचे सीटी स्कॅन झाले. त्यापूर्वी झडप तुंबली आहे की रक्त साचले आहे, हे ओळखणे कठीण होते. दोन्हींत डोकेदुखी आणि गुंगी येते. उपाय मात्र भिन्न.

९/ मुंबईत राम गिंडे आणि होमी दस्तूर यांच्या पिढीने मेंदूच्या शस्त्रक्रियेचा पाया घातला. पण आयात झडपेची किंमत सामान्य घराच्या आवाक्याबाहेर होती. दिल्लीच्या एम्समध्ये पुरुषोत्तम उपाध्याय यांनी, तर शाहजहानपूरला छाब्रा यांनी स्वस्त देशी शंट घडवले. युगांडात १९५ मुलांवर झालेला अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. ३५ डॉलरचा छाब्रा शंट आणि ६५० डॉलरचा परदेशी शंट यांत वर्षअखेरीस लक्षणीय फरक आढळला नाही.

१०/ झडप स्वस्त झाली, तरी एक काम कोणत्याही झडपेला जमले नाही. आवरणाखालचे रक्त कधी काही आठवड्यांनीही साचते. तोवर रुग्ण मुळशीतल्या नांदेसारख्या गावी, आपल्या घरी परतलेला असतो. वाढती डोकेदुखी, उलट्या, सुस्ती, तोल जाणे, हातापायांतील अशक्तपणा : ही लक्षणे पहिल्यांदा घरच्यांनाच दिसतात. अशा वेळी वाट न पाहता रुग्णालय गाठावे लागते.

११/ हॉल्टर, डाल आणि वेड यांपैकी डॉक्टर कोणीही नव्हते. त्यांतले दोघे आजारी मुलांचे बाप होते. रोज मुलाकडे निरखून पाहणाऱ्या घरच्या डोळ्यांचे मोल या इतिहासात झडपेइतकेच आहे.

(समाप्त)