धोतरा आणि आजीच्या गोळ्या

महाशिवरात्रीला नसरापूरच्या बनेश्वरला गेलात तर पिंडीवर धोतरा वाहिलेला दिसेल. आमच्या भोर-वेल्ह्यात तो कुणी लावत नाही, आपला आपणच उगवतो.

पण याचा इतिहास काही फक्त पूजेचा नाही. १९व्या शतकात वाटमारे प्रवाशांच्या अन्नात धोतऱ्याचं बी मिसळून त्यांना लुटायचे. नॉर्मन चेव्हर्स यांनी १८५६ साली बंगाल आणि वायव्य प्रांतांसाठी न्यायवैद्यकावर पुस्तक लिहिलं, त्यात या विषाची चर्चा आहे. तोंड कोरडं पडतं, बाहुल्या मोठ्या होतात, माणूस बरळायला लागतो. आणि गंमत बघा, त्याच झाडाचा धूर लोक दम्यावर औषध म्हणून ओढत होते!

कारण दोन्हींचं एकच. धोतऱ्यातलं अ‍ॅट्रोपिन आणि स्कोपोलामिन अ‍ॅसिटिलकोलिन या निरोप्याची वाट अडवतं. श्वासनलिका सैल होते, पण मेंदूही गोंधळतो.

आता घरातली औषधं बघा. सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामिन, झोपेसाठी किंवा दुखण्यावर दिलेलं अमिट्रिप्टिलिन, लघवीसाठीचं ऑक्सिब्युटिनिन, हे सगळे कमी-अधिक तेच काम करतात. एकेक गोळी किरकोळ वाटते, भार मात्र साठत जातो. २०११ साली ब्रिटनमधल्या ६५ वर्षांवरच्या सुमारे १३,००० जणांचा अभ्यास आला. असा भार शून्य असलेल्यांपैकी दोन वर्षांत ७% दगावले, चार किंवा जास्त गुण असलेल्यांपैकी २०%. हा संबंध आहे, कारण सिद्ध झालेलं नाही. आजारी माणूसच जास्त गोळ्या घेतो, हेही आहेच.

परवा वेल्ह्याला आजीची पिशवी उपडी केली. त्यातल्या दोन निघाल्या. मी बंद केल्या नाहीत, एकदम बंद करणंही धोक्याचं. मंगळवारी पिशवी तशीच डॉक्टरांपुढे ठेवणार आहे.