स्पोकची चाकं ट्यूबलेस करायची? आधी रिमच्या आत बोट फिरवून बघा

'अर्ध्या तासात हिमालयन ट्यूबलेस', 'एक्सपल्सच्या ट्यूबची कटकट कायमची बंद'. असे रील तुमच्याही फीडवर येत असतील. एक जण रिमच्या आत टेप गुंडाळतो, टायर चढवतो, हवा भरतो आणि साबणाचं पाणी मारून दाखवतो. एकही बुडबुडा येत नाही. खाली कमेंट ठरलेली असते, 'भावा, खर्च किती?'

त्याआधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे. हवा कमी झाली तर टायर रिमवर धरून राहील का? ते टेपवर अवलंबून नसतं. ते रिमच्या आतल्या आकारावर ठरतं, आणि नेमका तोच भाग रीलमध्ये दोन सेकंदही दिसत नाही.

मुळात स्पोकच्या चाकात ट्यूब का लागते?

अलॉय व्हील एकसंध ओतलेलं असतं. त्याला एकच भोक, व्हॉल्व्हचं. स्पोकच्या चाकात प्रत्येक तार रिमच्या भोकातून आलेल्या निप्पलमध्ये आवळलेली असते. बाईकच्या चाकाला साधारण ३६ तारा धरल्या तर ३६ भोकं आणि व्हॉल्व्हचं एक, म्हणजे हवा निसटायला ३७ जागा. म्हणून आत ट्यूब.

ट्यूब पंक्चर झाली की हवा भराभर जाते, कारण फाटलेल्या ट्यूबमधून सुटलेल्या हवेला बाहेर पडायला ही सगळी भोकं मोकळीच असतात. ट्यूबलेस टायरचं तसं नसतं. त्याच्या आतल्या बाजूला हवा धरणाऱ्या रबराचा थर असतो आणि घुसलेला खिळा बऱ्याचदा स्वतःच बुचासारखा बसून राहतो. हवा हळूहळू जाते, तुम्हाला थांबायला वेळ मिळतो.

दुरुस्तीतला फरक तर पंक्चर काढलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. ट्यूबलेसला टोच्याने भोक साफ करून स्ट्रिप घातली, हवा भरली, झालं. ट्यूबसाठी चाक खोला, टायर उतरवा, ट्यूब काढा, पॅच लावा, परत सगळं चढवा. माळशेज घाटात रात्री नऊ वाजता हे करायची वेळ आली तर ट्यूबलेसचा मोह का होतो ते वेगळं सांगायला नको.

मग अलॉयच का घेत नाहीत? कारण खराब रस्त्यावर तारांचं चाक थोडं लवचीक राहतं. मोठ्या दगडावर आपटलं तर रिम वाकते, पण बहुतेकदा ठोकून सरळ करता येते. अलॉय तडकलं की काम संपलं.

कंपन्यांनी हे कसं सोडवलं?

भोकंच टायरच्या बाहेर नेऊन. १९८७ साली आलेल्या बीएमडब्ल्यूच्या आर ८० जीएस आणि आर १०० जीएस या बाईकना अशी चाकं होती. त्यांच्या तारा रिमच्या मध्यात न शिरता रिमच्या बाहेरच्या कडांना जोडलेल्या होत्या. त्यामुळे हवा असते त्या भागात तारेचं एकही भोक नाही. दुसरी पद्धत म्हणजे प्रत्येक निप्पलला रबरी रिंग बसवून सील करणं.

पण अशी चाकं बनवायला महाग पडतात, म्हणून ती सर्रास दिसत नाहीत. होंडाच्या आफ्रिका ट्विनसारख्या मोठ्या बाईकमध्येही ११०० सीसीची पिढी येईपर्यंत ट्यूबच होती, आणि त्या पिढीतही सुरुवातीला ट्यूबलेस स्पोक मिळाले ते ॲडव्हेंचर स्पोर्ट्स या वरच्या मॉडेलला. आपल्याकडे रॉयल एनफिल्डची हिमालयन ४५० नोव्हेंबर २०२३ मध्ये ट्यूबच्या चाकांसह आली, आणि ट्यूबलेस स्पोक चाकांचा पर्याय २०२४ मध्ये मिळाला. तुमची बाईक हीच असेल तर पुढचा लेख वाचून जुगाड करण्यापेक्षा कंपनीची चाकं घ्या. महाग पडतात, पण ती त्याच कामासाठी बनलेली आहेत.

आता खरा मुद्दा: रिममधला उंचवटा

टायरची आतली कड, जिला बीड म्हणतात, रिमच्या कडेला चिकटून बसते. ट्यूबलेससाठी बनवलेल्या रिममध्ये या बीडच्या आतल्या बाजूला, रिमच्या पूर्ण गोलाईभर, एक छोटा उंचवटा असतो. दिसायला क्षुल्लक, जेमतेम बोटाला जाणवेल इतका. त्याचं काम एकच. हवा कमी झाली तरी बीडला रिमच्या मधल्या खोलगट भागात घसरू द्यायचं नाही.

ट्यूबवाल्या अनेक रिममध्ये हा उंचवटा नसतो. तिथे ट्यूब असताना बीड थोडी हलली तरी हवा ट्यूबमध्ये राहते. ट्यूब काढल्यावर मात्र बीड आणि रिम यांच्यातला जोड हाच हवा धरणारा एकमेव बांध उरतो.

आता असं समजा की खिळा घुसलाय. ट्यूबलेस असल्यामुळे हवा हळूहळू जातेय आणि तुम्हाला पत्ता नाही. २८ पीएसआयची १४ झाली. पुढच्या वळणावर गाडी कलली, टायरवर बाजूने जोर आला, बीड जागेवरून सरकली आणि उरलेली सगळी हवा एका क्षणात गेली. ज्या 'हळूहळू हवा जाते' या गुणासाठी तुम्ही ट्यूबलेस केलं, तोच इथे उलटतो. हे पुढच्या चाकाला झालं तर हँडलवर ताबा राहणं अवघड.

तपासायचं कसं? रिमवर कोरलेला आकार वाचा. त्यात इंग्रजी एम आणि टी ही अक्षरं असतील, उदाहरणार्थ 'एमटी २.१५', तर ती रिम सहसा ट्यूबलेस टायरच्या मापाने बनलेली असते. एम-टी नसेल किंवा डब्ल्यू-एम असेल तर उंचवटा नाही असंच धरून चाला. तरीही शिक्क्यावर विसंबू नका. टायर उतरवल्यावर आतून बोट फिरवा. काही बाईकवर मागची रिम एमटी असते आणि पुढची नसते, म्हणून जाणकार रायडर फक्त मागचं चाक ट्यूबलेस करून पुढे ट्यूबच ठेवतात. माझ्या मते एमटी नसलेल्या पुढच्या चाकावर हा प्रयोग करूच नये.

टायरवरचंही वाचा. बाजूला 'ट्यूबलेस' लिहिलेलं हवं. 'ट्यूब टाइप' लिहिलेला टायर ट्यूबशिवाय चालवायचा नसतो. उलट मात्र चालतं, ट्यूबलेस टायरमध्ये ट्यूब घालता येते.

सील करतात कसं?

रिम योग्य असेल तर उरलेलं काम चिकाटीचं आहे. आधी चाकाचा आऊट काढून घ्यायचा. हे आधीच, कारण सील केल्यावर निप्पल फिरवलं की त्याच्यावरचा थर फाटतो. मग जुनी रबरी पट्टी काढून गंज आणि ग्रीस साफ करायचं, रिम स्पिरिटने पुसायची, प्रत्येक निप्पलवर सीलंटचा थर द्यायचा आणि तो पूर्ण वाळू द्यायचा. यालाच एक-दोन दिवस जातात, त्यामुळे 'अर्ध्या तासात' म्हणणाऱ्याकडे संशयानेच बघा. त्यावर जाड सीलिंग टेप, मग रबरी वॉशरचा ट्यूबलेस व्हॉल्व्ह. जपानच्या आऊटेक्ससारखे तयार किटही असतात.

वेगात टेप सुटणार नाही का, असा प्रश्न हमखास येतो. २१ इंची चाकात ताशी १०० किमीला टेपवर तिच्या वजनाच्या दीडशे पटींहून जास्त बल बाहेरच्या दिशेने येतं. ऐकायला भयंकर आहे, पण टेप मुळात हलकी असते आणि टायरमधली हवा तिला त्याहून कितीतरी जास्त जोराने रिमवर दाबून धरते. टेप हरते ती वेगळ्याच ठिकाणी: नीट साफ न केलेल्या रिमवर, सैल तारेपाशी आणि टायरवाल्याच्या पान्याखाली. पुढच्या वेळी टायर बदलताना दुकानदाराला आधीच सांगा की आत टेप आहे. नाहीतर तो नेहमीच्या सवयीने पाना खोल घुसवेल आणि तुमचे दोन दिवस पाण्यात.

काम झाल्यावर पहिला आठवडा रोज सकाळी हवा मोजा. रोज थोडी कमी भरत असेल तर कुठेतरी गळतंय, आणि ते आपोआप थांबत नाही.

कायदा आणि विमा

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल गाडीत करता येत नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका घेतली. आतून टेप लावल्याने चाकाचा किंवा टायरचा आकार बदलत नाही. पण या कामाला कुठलंही चाचणी प्रमाणपत्र नसतं, आणि चाकाच्या वॉरंटीचा दावा करताना त्यावर बोट ठेवलं जाऊ शकतं. विमा कंपनीला आधी ईमेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

तरीही ट्यूब सोबत ठेवा

लडाख-स्पितीला निघाला असाल तर नक्कीच. दगडावर आपटून रिमची कड वाकली की ट्यूबलेसची हवा तिथूनच जाते आणि स्ट्रिप काही कामाची राहत नाही. ट्यूब असली तर वाकलेल्या रिमवरही पुढचं गाव गाठता येतं. त्यासाठी ट्यूबलेस व्हॉल्व्हचा नट खोलेल असा पाना टूलकिटमध्ये हवा, कारण तो व्हॉल्व्ह काढल्याशिवाय ट्यूबचा व्हॉल्व्ह बसणार नाही. आणि ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून हात फिरवून आधीचे खिळे, काटे काढा. जुन्या स्ट्रिपची आत आलेली शेपटीही कापून टाका, नाहीतर ती घासून घासून नवी ट्यूब फाडेल.