मिरज : शिकलगारांच्या हातून घडलेली सतार

इटलीत पो नदीच्या खोऱ्यात क्रेमोना नावाचे एक लहान नगर आहे. सोळाव्या शतकात आंद्रेआ आमाती याने तेथे व्हायोलिन घडविण्याची परंपरा रुजवली आणि पुढे आंतोनिओ स्त्रादिवारी याने तिला जगद्विख्यात केले. प्रवासी तेथे भव्य कॅथीड्रल पाहण्यास जातात, पण त्यांची पावले शेवटी वळतात ती कारागिरांच्या लहानशा कार्यशाळांकडे. सांगली जिल्ह्यातील मिरजेत असेच घडते. दर्ग्याच्या परिसरात फिरता फिरता सतारमेकर गल्ली लागते. तेथे दारांत वाळके भोपळे टांगलेले असतात आणि आतून कानशीचा आवाज येत असतो.

या गल्लीचा इतिहास मात्र संगीतापासून सुरू होत नाही. तो सुरू होतो शस्त्रांपासून.

मिरज हे आदिलशाहीतील महत्त्वाचे ठाणे. अफझलखानाच्या वधानंतर शिवाजी महाराजांनी या किल्ल्याला वेढा घातला होता. 1660 मध्ये ते येथूनच पन्हाळ्याकडे गेले. पुढे 1739 मध्ये साताऱ्याचे छत्रपती शाहू महाराज यांनी स्वतः मोहिमेवर येऊन मिरज घेतली. त्यानंतर ती पटवर्धनांच्या जहागिरीत आली. एवढा लष्करी राबता असलेल्या गावी तलवारी, भाले, कट्यारी यांना धार लावणारे व पाणी देणारे कारागीर असणे ओघानेच आले. त्यांना शिकलगार म्हणत.

1818 मध्ये पेशवाई संपली. संस्थानिकांच्या फौजा नाममात्र उरल्या, लढाया थांबल्या, आणि ज्या कारागिरांचे पोट तलवारीवर होते त्यांच्यापुढे उपासमारीचा प्रश्न उभा राहिला. इतिहासाच्या पुस्तकांत अशा कारागिरांना सहसा एक ओळही मिळत नाही. राजवट बदलते तेव्हा राजाचे काय झाले हे नोंदवले जाते, शिकलगाराचे काय झाले हे क्वचितच.

मिरजेत मात्र ते ठाऊक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास येथील फरीदसाहेब शिकलगार यांनी तंबोरे व सतारी घडविण्यास आरंभ केला. त्यापूर्वी ही वाद्ये उत्तरेकडून येत. एखादे मोडले की ते दुरुस्तीसाठी तितक्याच दूर धाडावे लागे. दरबारातील गवयांनी अशी मोडकी वाद्ये फरीदसाहेबांकडे नेली, त्यांनी ती उघडली, जुळवली, आणि मग स्वतःच नवी करू लागले, असे परंपरेने सांगितले जाते. हे अशक्य वाटत नाही. पात्याला धार लावणारा हात केसाइतका फरक ओळखतो. वाद्याच्या घोडीवर जवारी काढताना नेमके तेच कसब लागते.

तंबोऱ्याचा भोपळा खाण्याचा नसतो. पंढरपूर, मंगळवेढा परिसरात, भीमेच्या काठच्या शेतांत, ही कडू व जाड सालीची जात मुद्दाम पिकवली जाते. भोपळा पूर्ण वाळू दिला जातो, मग भिजवून कापला जातो आणि आत काठ्यांचे टेकू देऊन त्याला आकार दिला जातो. त्यावर तबकडी बसते. दांडीसाठी तुणाचे लाकूड, जोडांसाठी सरस, झिलईसाठी चपडा लाख. सर्वांत नाजूक काम शेवटी येते. घोडीचा पृष्ठभाग किंचित उतरता घासला जातो आणि तारेखाली सुताचा बारीक धागा सरकवला जातो. तार छेडताच ती घोडीला निसटता स्पर्श करते आणि स्वरातून स्वरांची झालर निघते. यासाठी मोजपट्टी उपयोगी पडत नाही. कान हेच माप.

वाद्ये होती म्हणून गवई आले की गवई होते म्हणून वाद्ये झाली, हा वाद निरर्थक आहे. दोन्ही एकमेकांना पोसत राहिले. पटवर्धन दरबाराच्या आश्रयाने बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरजेत राहिले. कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुस्कर लहानपणी फटाक्याने डोळे दुखावल्यामुळे उपचारासाठी मिरजेत आले आणि बुवांचे शिष्य झाले. त्यांनीच 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. बुवांचे दुसरे शिष्य अनंत मनोहर जोशी यांनी 1940 मध्ये सातारा जिल्ह्यातील औंध येथे संगीतोत्सव सुरू केला. आश्विनातील तो उत्सव आजही रसिकांना त्या छोट्या संस्थानी गावाकडे ओढतो.

किराण्याहून आलेले उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेतच स्थिरावले. गायनाइतकेच वाद्यांची दुरुस्ती करण्यातही ते निष्णात होते. 1937 मध्ये दक्षिणेत प्रवासात असताना त्यांचे निधन झाले आणि त्यांना मिरजेस आणून ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात दफन करण्यात आले. उरुसात त्यांच्या स्मरणार्थ तेथे चिंचेच्या झाडाखाली संगीतसभा भरते. तिकीट नाही, रंगमंचाचा थाट नाही. त्याच उरुसात पहिला गलेफ अर्पण करण्याचा मान चर्मकार समाजाकडे आहे, ही गोष्टही पाहुण्यांनी लक्षात ठेवण्यासारखी.

क्रेमोनाची कहाणी येथे पुन्हा आठवते. स्त्रादिवारी 1737 मध्ये गेला आणि काही दशकांत तेथील परंपरा क्षीण झाली. विसाव्या शतकात, 1938 मध्ये, शाळा काढून ती पुन्हा उभी करावी लागली. 2012 मध्ये युनेस्कोने तिला अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. मिरजेत साखळी तुटलेली नाही. शिकलगारांच्या अनेक घराण्यांनी आडनावच सतारमेकर असे लावले आहे. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

पण मानांकनाने भोपळा पिकत नाही. तो पिकवणारा शेतकरी एक अवर्षण किंवा एक महापूर सोसू शकतो, दोन नाही. गायकांच्या मांडीवरचा तंबोरा आता खिशातल्या यंत्रातही वाजतो. आणि घोडी घासायला बसलेल्या कारागिराचा मुलगा शेजारी बसून ऐकतो आहे की नाही, यावर पुढच्या जवारीचा स्वर ठरणार आहे.