कुंडलिकाकाठचे तंबूमुक्काम

रायगड जिल्ह्यात कोलाड परिसरात, सह्याद्रीच्या पायथ्याशी कुंडलिका नदीकाठी होणारे पर्यटकांचे मुक्काम. सह्याद्रीतले बहुतेक ओढे दिवाळीनंतर आटू लागतात. कुंडलिका मात्र उन्हाळ्यातही वाहते. त्याचे कारण घाटमाथ्यावर आहे. मुळा नदीवरील मुळशी धरणाचे पाणी एरवी भीमेकडे, पूर्वेला गेले असते. ते घाटाखाली वळवून भिरा येथे १९२७ पासून वीज तयार केली जाते आणि वापरलेले पाणी कुंडलिकेत सोडले जाते. याच धरणासाठी मावळातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या व सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशी सत्याग्रह झाला.

पाणी सुटले की राफ्टिंग सुरू होते. इथली पातळी अशी वीजनिर्मितीच्या वेळापत्रकावर अवलंबून असल्याने, आभाळ निरभ्र असतानाही ती झपाट्याने चढते. अशी अचानक वाढ जीवघेणी ठरू शकते: ८ जून २०१४ रोजी हिमाचल प्रदेशात बियास नदीच्या पात्रात उतरलेले हैदराबादचे २४ अभियांत्रिकी विद्यार्थी लारजी धरणातून अचानक सोडलेल्या पाण्यात वाहून गेले. म्हणून वाळूचा पट्टा कितीही मोहक दिसला तरी तंबू पात्रात ठोकू नये. झाडांत अडकलेला पालापाचोळा आणि खडकांवरील गाळाच्या रेषा पुराची उंची दाखवतात. मुक्काम त्याहून वर असावा. पाणी सोडण्याची वेळ गावकऱ्यांना विचारून घ्यावी. पावसाळ्यात काठावर राहणे टाळावे.