धार-देवास : मतदारसंघरचना आणि धोरण

माळव्यातील धार व देवास ही पवारांची मराठा संस्थाने. देवासला तर थोरली आणि धाकटी पाती, म्हणजे एकाच गावात दोन दरबार. १८१८ नंतर संस्थानिकावर खरा वचक इंग्रजांच्या पोलिटिकल एजंटचा असे. १९४८ च्या विलीनीकरणानंतर तो मतदाराकडे आला. मात्र कोणत्या मतदाराकडे, हे मतदारसंघाची हद्द व आरक्षण ठरवते.

देवास जिल्ह्यातील बागलीचे कैलाश जोशी १९६२ ते १९९८ सलग आमदार होते. १९७७ मध्ये मध्य प्रदेशचे मुख्यमंत्रीही झाले. २००८ च्या पुनर्रचनेत बागली अनुसूचित जमातींसाठी राखीव झाली आणि त्यांचे चिरंजीव दीपक जोशी यांना हाटपिपल्यातून उभे राहावे लागले. खुल्या देवासमध्ये मात्र १९९० पासून आमदारकी थोरल्या पातीच्या पवार घराण्यातच आहे.

धार जिल्ह्यातील सातपैकी पाच विधानसभा जागा जमातींसाठी राखीव : सरदारपूर, गंधवानी, कुक्षी, मनावर, धरमपुरी. ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा १९९६ चा, पण राज्यात त्याचे नियम रखडले. आदिवासी क्षेत्रांसाठीच्या राज्यघटनेतील पाचव्या अनुसूचीचा प्रश्न लावून धरणाऱ्या ‘जयस’ या युवक संघटनेचे हिरालाल अलावा २०१८ मध्ये काँग्रेसतर्फे मनावरमधून निवडून आले. पाचही राखीव जागा काँग्रेसकडे गेल्या. राज्यात अशा ४७ जागा आहेत, म्हणजे हिशेब एकट्या धारचा नव्हता. नोव्हेंबर २०२२ मध्ये, निवडणुकीला वर्ष उरले असताना, भाजप सरकारने पेसाचे नियम लागू केले. दारूचे दुकान आणि तेंदूपत्ता यांबाबत ग्रामसभेला हक्क मिळाला. सव्वीस वर्षांनी आलेल्या या निर्णयाचा मतांच्या हिशेबाशी संबंध नाकारणे कठीण आहे. तरीही २०२३ मध्ये पाचांतली एकटी धरमपुरी भाजपकडे आली. हक्क देणाऱ्या पक्षापेक्षा हक्क मागणाऱ्या माणसांवर इथल्या मतदाराने अधिक विश्वास ठेवला, असे दिसते.

बदनावरची जागा खुली. तेथील राजवर्धनसिंह दत्तीगाव २०२० मध्ये काँग्रेस सोडून भाजपमध्ये गेले. पक्षांतरबंदीमुळे राजीनामा देऊन पुन्हा मतदारांपुढे जाणे भाग होते. ते पोटनिवडणूक जिंकले, उद्योगमंत्रीही होते. २०२३ मध्ये त्यांच्याच मतदारसंघातील भैंसोल्याला वस्त्रोद्योगाचे ‘पीएम मित्र’ उद्यान जाहीर झाले. त्याच वर्षी जूनपासून राज्य सरकारच्या ‘लाडली बहना’ योजनेचे हजार रुपये दरमहा महिलांच्या खात्यात पडू लागले. राज्यात भाजपने २३० पैकी १६३ जागा जिंकल्या, दत्तीगाव मात्र पडले. उद्यानाचे भूमिपूजन १७ सप्टेंबर २०२५ रोजी झाले.